वर्णाचे वेतन

मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे या उदारमतवादाच्या आद्य सिद्धांताशी समाजवाद्याचे भांडण नाही. सिद्धांत उच्चारून होताच आपले कर्तव्य संपले असे उदारमतवादी मानतो, तेथे समाजवाद्याचा आक्षेप आहे. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने नष्ट झाली तेव्हा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाला करार करण्याची मुभा मिळाली. परंतु ज्या जमिनीवर त्याच्या पिढ्या राबल्या ती मिळाली नाही. सेनापती शर्मन यांनी त्याच वर्षीच्या जानेवारीत समुद्रकाठची जमीन कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला होता. पण वर्ष सरण्यापूर्वीच अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांना परत देवविण्याचा क्रम आरंभिला. ज्याच्यापाशी जमीन नाही, जनावर नाही, पुढच्या सुगीपर्यंतचे धान्य नाही, त्याने कालच्या धन्याशी कोणत्या बळावर बरोबरीचा करार करावा? तो वाटेकरी झाला, आणि सावकाराच्या वहीत ऋणको म्हणून अडकला.

तथापि समाजवादापुढील खरा बिकट प्रश्न याहून निराळा आहे. अमेरिकेच्या त्याच दक्षिण भागात गोरा मजूरही दरिद्रीच होता. मग या दोघांचा शत्रू एक असता त्यांची जूट का झाली नाही? कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी 1935 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याचे जे उत्तर दिले त्याहून मार्मिक उत्तर माझ्या वाचनात नाही. गोऱ्या मजुराला रोजी तुटपुंजी मिळे, पण तिच्या जोडीला एक दुसरे वेतन मिळे: रस्त्यात त्याला मान होता, उद्याने व चांगल्या शाळा त्याला खुल्या होत्या, पोलीस त्याच्याच लोकांतले असत आणि न्यायालय त्याच्याशी सौम्यपणे वागे. हे वेतन देताना मालकाच्या तिजोरीतील एक पैही खर्ची पडत नसे. ते काळ्या मजुराच्या प्रतिष्ठेतून कापून दिले जाई.

गोरा मजूर भांडवलदाराच्या भुलावणीला बळी पडला, असे सांगून पुष्कळ समाजवादी समाधान पावतात. मला ते अपुरे वाटते, कारण हे वेतन खोटे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत 1922 साली खाणमालकांनी खर्च कमी करण्यासाठी गोऱ्यांच्या काही जागांवर अल्प मजुरीचे आफ्रिकी कामगार नेमण्याचे ठरविले, तेव्हा गोऱ्या खाणकामगारांनी संप पुकारला, आणि त्यांच्या फलकावर जगातील कामगारांच्या ऐक्याची हाक व गोऱ्या दक्षिण आफ्रिकेची मागणी शेजारी शेजारी झळकली. पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तोफा आणि विमाने लावून तो उठाव चिरडला. पण 1926 च्या कायद्याने खाणींतील कुशल कामे वर्णावरून राखून ठेवण्याची तजवीज झालीच. खाणींची मालकी होती तेथेच राहिली. गोऱ्याची जागा मात्र सुरक्षित झाली. ज्याला असा प्रत्यक्ष लाभ होतो त्याला केवळ त्याचे हित समजावून सांगून कसे जिंकणार? येथे हिताचा हिशेब थांबतो आणि धर्माधर्माचा प्रश्न सुरू होतो. समाजवादाने लाभधारकाकडे त्याग मागितला पाहिजे.

अमेरिकेत युजीन डेब्स यांच्यासारखा थोर समाजवादी पुढारी वर्णभेद पाळणाऱ्या सभेत भाषण करण्यास नकार देई. तरीही समाजवादी पक्षापाशी कृष्णवर्णीयांना वेगळे देण्याजोगे काही नाही, असेच त्यानेही 1903 साली लिहिले. वर्ग मुक्त झाला म्हणजे वर्ण आपोआप गळून पडेल ही ती श्रद्धा. आपल्याकडे जातीविषयी तीच बाळगली गेली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि पुढे डु बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली तिचे मूळच उखडले: जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि तीही उतरंडीने रचलेली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला अधिक मजुरीच्या विणकामखात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. ही बंदी कोणा गिरणीमालकाने घातलेली नव्हती. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला, तेव्हा कोठे त्यांनी नाखुशीने ती मागणी आपल्या यादीत घेतली. अशी मागणी यादीच्या शिरोभागी स्वखुशीने लिहिण्याचे धैर्य ज्या संघटनेपाशी नाही, तिला समस्त कामगारवर्गाच्या नावाने बोलण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.