सोशीक स्टड

गेल्या गुरुवारी आमच्या गीतावर्गात दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक होता. शास्त्रीबुवा सांगत होते, शीत-उष्ण, सुख-दुःख हे येणारे-जाणारे आहेत, टिकणारे नाहीत, म्हणून ते सोसायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या ताईनेही. माझी मान काही हलली नाही. तीस वर्षं टर्बाइनच्या मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाला ‘येणारे-जाणारे’ म्हटलं की धडकी भरते. आमच्याकडे तडे जायचे ते बहुतेक येण्या-जाण्यानेच.

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटच्या युनिटवर मी होतो. वाफ ५३५ अंश सेल्सियसची. टर्बाइनच्या केसिंगचे वरचा-खालचा असे दोन भाग आवळून धरणारे स्टड मनगटापेक्षा जाड. त्यांच्या मधल्या भोकात हीटर घालून ते तापवायचे, लांबले की नट ठरल्या कोनात फिरवायचा आणि गार व्हायला सोडून द्यायचे. आकसताना स्टड आपणच ताणला जातो. पण त्याचा प्रत्येक आटा म्हणजे एक खाच, आणि खाचेच्या तळाशी ताण एकवटतो. त्यातही नटाच्या टेकलेल्या बाजूचा पहिला आटा सगळ्यांत जास्त भार उचलतो. बाकीचे मागून हातभार लावतात, एकत्र कुटुंबात असतं तसं.

आगगाड्यांचे आस का मोडतात, याचा जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी १८७० पर्यंत पिच्छा पुरवला. त्यातून कळलं ते असं, की पोलादाला सोसण्याची एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण कितीही वेळा येवो-जावो, ते मोडत नाही. खाच असली तर ही मर्यादा खाली येते, पण असते. लालबुंद होण्याच्या बऱ्याच अलीकडे, आमच्या वाफेच्या तापमानालाच, हा भरवसा संपतो. मग ताण किती वेळा आला एवढं मोजून भागत नाही, दर खेपेला किती वेळ मुक्कामाला होता तेही बघावं लागतं. वर प्राणवायू चिरेत शिरून ती पोखरतो ते वेगळंच.

याच उष्णतेचं एक रूप मात्र मला पहिल्यांदा तपासारखं वाटलं होतं. खाचेच्या तळचा धातू तापून हळूच लांबतो आणि तिथला ताण उतरतो. सतत एकाच ओढीखाली ठेवलेला खाचेचा नमुना, पोलाद न तुटता लांबणारं असेल तर, गुळगुळीत नमुन्यापेक्षा जास्त टिकतो. हे दाखवणारा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पुढे समजलं, ताण उतरतो तो फुकट उतरत नाही. लांबण्याची शिल्लक खर्ची पडते. ओव्हरहॉलला सैल झालेला स्टड आम्ही पुन्हा आवळायचो, की पुन्हा तेच.

एकदा असाच एक स्टड साफ करून बाकावर ठेवला होता. सरळ, स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. लाल डाय लावला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभराने आट्याच्या तळाशी केसाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता अर्धा घेर फिरली. आमचा म्हातारा फिटर म्हणाला, “साहेब, हा तर कधी कुरकुरला नाही.”

ताईही कधी कुरकुरली नाही. मेहुण्यांचा राग यायचा आणि जायचा. तासाभराने तेच चहा मागायचे. “त्यांच्या मनात काही नसतं रे,” ती म्हणायची. सासरी सगळे तिला सोशीक म्हणून वाखाणत. एकसष्टाव्या वर्षी, एका साध्याशा दुपारी, चहात साखर कमी आहे एवढंच कोणी म्हणालं, आणि ती ओट्याशी खाली बसली. तीन दिवस बोलली नाही. डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तर घरच्यांनी साखरेचंच सांगितलं.

वर्ग सुटल्यावर मी बुवांना गाठलं. ते म्हणाले, “अहो, तेरावा श्लोक वाचा. देहाची गोष्टच नाही ती, देहीची आहे.” हे मला पटलं. लोखंडाला देही नसतो. पण मग देहीचा गुण आपण देहाकडून का वसूल करतो? वेदान्तात तितिक्षा ही साधकाच्या षट्संपत्तीत मोजतात, म्हणजे ज्याने त्याने आपली आपण कमवायची. शेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्याला ती नेमून देण्याची सोय कुठल्या शास्त्रात आहे? बुवा हसले, म्हणाले, “तुम्ही इंजिनिअर लोक फार ताणता.”

ताई चपला घालून दाराशी थांबली होती. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, “काय रे, बुवांशी एवढं काय बोलत होतास?”

“एका जुन्या स्टडचं.”

“मोडला का?”

“नाही. त्याआधीच काढून टाकला.”

सिग्नल सुटेपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “बरं केलंस.”