जोत्याची उंची

घर बांधताना गृहस्थ भिंतींचा, खिडक्यांचा, देवघराच्या दिशेचा पुष्कळ विचार करतो. जोत्यापाशी मात्र तो एकच प्रश्न विचारतो : पाणी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही ना? ते अडल्यावर कुठे जाईल, हे त्याच्या मनात येत नाही. मला वाटते, शेजारधर्माचा सगळा प्रश्न या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत राहणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची. मध्ये हा सखल मुलूख. जुलै २०१८ मध्ये रुळांवर इतके पाणी साचले, की वसई-विरारकडची लोकल बंद पडली. पूर्वी असे पाणी भातखाचरांत पसरे. आता खाचरांच्या जागी इमारती आल्या. नवी इमारत भराव टाकून उंच होते. मग रस्ताही वर चढतो. आणि तीन पायऱ्या चढून जावे लागे ते जुने बैठे घर एके पावसाळ्यात रस्त्याच्याही खाली गेलेले दिसते. त्या घराने काही केलेले नसते. ते होते तिथेच असते.

आता दोष कोणाचा? जोते उंच करणाऱ्या बापाला मुले कोरड्या अंथरुणावर निजवायची असतात. यात पाप कसले? पण प्रत्येकाने आपल्यापुरते योग्य केले आणि सगळ्यांचे मिळून अयोग्य झाले, असे घडू शकते. अशा वेळी ‘माझी काय चूक?’ हा प्रश्न पुरा पडत नाही. ‘माझ्याकडे काय लागते?’ असे विचारावे लागते.

कायद्यानेही याचा विचार केला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असे तत्त्व आहे, की वरच्या जमिनीवरून स्वाभाविकपणे वाहत येणारे पाणी खालच्या जमिनीने वाहू द्यावे. त्यातला ‘स्वाभाविकपणे’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. निसर्गाने दिलेली उंची हा हक्क असेल. ट्रकांनी आणलेली उंची हे ऋण आहे. ते फेडायचे म्हणजे उंची सोडायची नव्हे. आपल्याच जागेतून हातभर रुंदीची गटाराची वाट सोडायची, ती बुजू द्यायची नाही, आणि अंगणाचा थोडा तुकडा फरशीविना, मातीचा ठेवायचा. भातशेती करणारा बांधाला पाण्यापुरती वाट ठेवतो, तेच हे.

आमच्या शेजारच्या सोपाऱ्याजवळ, भुईगावला, १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना माणसे नाना मंगलकार्ये करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आदर राखणे, जिवांशी संयमाने वागणे, असे तो लेख सांगतो. आणि हे एकमेकांना कोणी सांगावे? बापाने, मुलाने, भावाने, मित्राने. आणि या लेखाच्या काही पाठांत पुढे येते, अगदी शेजाऱ्यानेही.

दिवाळीत आपण उंबऱ्यावर रांगोळी काढतो, पणत्या लावतो, लक्ष्मीला घरात बोलावतो. तिच्या वाटेची इतकी काळजी घेणाऱ्याने आपल्या दारातले पाणी कोणाच्या दारात जाते, तेही एकदा कुंपणाबाहेर जाऊन पाहावे. दिवाळीत वाटा कोरड्या असतात; पाहणे सोपे जाते.