प्रकाशवेगाच्या पलीकडे

प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर धावतो, तरी सूर्य सोडल्यास सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्यापर्यंत पोहोचायला त्यालाही सव्वाचार वर्षे लागतात. १९७७ साली झेपावलेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर कापते. त्याच वेगाने तिकडे जायचे तर जवळपास ७५ हजार वर्षे लागतील. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धान्तानुसार वस्तुमान असलेल्या वस्तूला प्रकाशाचा वेग गाठताच येत नाही. त्यामुळे ताऱ्याताऱ्यांमधली साम्राज्ये आणि युद्धे रंगवू पाहणाऱ्या विज्ञानकथालेखकाला आधी ही मर्यादा ओलांडण्याची वाट शोधावी लागते.

सर्वांत रुळलेली वाट ‘हायपरस्पेस’ची, म्हणजे नेहमीच्या अवकाशाबाहेरून उडी मारण्याची. जॉन कॅम्पबेल यांच्या १९३१ च्या ‘आयलंड्स ऑफ स्पेस’मध्ये ती आहे, आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ने ती सर्वांच्या परिचयाची केली. त्यातला तरुण गणिती गाल डॉर्निक प्रथमच राजधानी ट्रँटॉरला निघतो, तेव्हा उडीची त्याला थोडी धास्ती असते. प्रत्यक्षात आत कुठेतरी बारीकसा हिसका बसतो आणि नीट जाणवण्याआधीच सरतो. असिमोव्ह यांना कहाणी सांगायची होती साम्राज्याच्या पडझडीची, म्हणून उडी इतकी सोपी असणेच योग्य होते. फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’मध्ये (१९६५) उलट केले. तिथे यान सुखरूप नेणाऱ्या नावाड्यांना एकाच वाळवंटी ग्रहावर मिळणारा मसाला लागतो, आणि या एका गरजेभोवती कादंबरीचे सारे राजकारण फिरते.

काही वेळा कल्पनेने शास्त्रज्ञांनाच कामाला लावले. १९६६ पासूनच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ‘वॉर्प’ची कल्पना मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये गणितात मांडली. यानापुढचे अवकाश आकसते, मागचे प्रसरण पावते आणि मधल्या बुडबुड्यात यान जागच्या जागी स्थिर राहते. सापेक्षतेचा नियम मोडत नाही. मात्र त्यासाठी ऋण ऊर्जा लागते, आणि ती एवढ्या प्रमाणात कुठून आणायची याला उत्तर नाही. कार्ल सेगन यांनी ‘कॉन्टॅक्ट’ या कादंबरीसाठी (१९८५) भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचा सल्ला घेतला. नायिकेला कृष्णविवरातून पाठवण्याऐवजी कृमिविवरातून, म्हणजे अवकाशातली दोन ठिकाणे जोडणाऱ्या बोगद्यातून पाठवावे, असे थॉर्न यांनी सुचवले आणि पुढे १९८८ मध्ये मायकेल मॉरिस यांच्यासह त्यावर शोधनिबंधही लिहिला.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जाऊ लागला, तर सापेक्षतेच्या गणितानुसार तो भूतकाळातही पोहोचू शकतो. ओलेक्सा बिलानिउक, व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६२ मध्ये सदैव प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणांची शक्यता तपासली. या कणांना पुढे ‘टॅकिऑन’ हे नाव मिळाले. असा कण आजवर सापडलेला नाही. मात्र भौतिकशास्त्रज्ञ ग्रेगरी बेनफर्ड यांनी ‘टाइमस्केप’मध्ये (१९८०) ही अडचणच कथेचा विषय केली. उद्ध्वस्त होत चाललेल्या जगातले शास्त्रज्ञ टॅकिऑन वापरून १९६० च्या दशकातल्या शास्त्रज्ञांना सावध करू पाहतात. बहुतेक लेखक मात्र या प्रश्नाला बगल देतात. हा या साहित्यप्रकाराचा मोठा उणेपणा म्हणावा लागेल.

या विषयातले सर्वांत कसदार लेखन वेगाची किंमत मोजणाऱ्यांचे आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या विश्वात ‘ॲन्सिबल’ या यंत्रामुळे निरोप क्षणात पोहोचतो. माणूस मात्र प्रकाशाच्या मागेच राहतो. ‘रोकॅनन्स वर्ल्ड’च्या (१९६६) आरंभीची सेमली घराण्याचा हरवलेला हार आणायला परक्या ग्रहावर जाते. तिच्या लेखी प्रवास एका लांबलचक रात्रीचा असतो. परतते तेव्हा नवरा कधीच वारलेला असतो आणि तान्ही सोडून गेलेली लेक तिच्याच वयाची होऊन समोर उभी असते.

व्हिएतनाम युद्धात जखमी झालेल्या जो हाल्डेमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’मध्ये (१९७४) ‘कोलॅप्सार’ या कोसळलेल्या ताऱ्यांमधून उडी क्षणात होते, पण तिथवरच्या प्रवासात पृथ्वीवर शतके उलटतात. सैनिक मँडेला परततो तेव्हा ओळखीचे जगच उरलेले नसते. तिथे त्याला त्याची प्रेयसी मेरीगे हिचे पत्र मिळते. तिने एक यान मिळवलेले असते. ते अतिवेगाने नुसते जाते आणि परत येते, त्यामुळे बाहेर दहा वर्षे सरतात तेव्हा तिचे वय जेमतेम महिन्याने वाढते. पत्र अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचे असते, आणि ती अजून त्याची वाट पाहत असते.