दांड्याचा काय दोष?

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्या गृहस्थाने आयुष्यात कधी दांडा बसवलेला नसावा. बसवला असता, तर दांड्याविषयी असा अपशब्द त्याच्या तोंडून गेलाच नसता.

आटगावच्या रानात जाणाऱ्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता हवाच. पातं लोहार देतो. मुठीचं लाकूड मात्र पारखून आणावं लागतं. पांगारा, सावर ही सज्जन लाकडं. म्हणाल तशी तासून घेतात आणि चार घावांत पिचतात. म्हणून नजर जाते ती खैर, तिवस, धामण असल्या हट्टी मंडळींकडे. खैर तासताना हत्यारालाच घाम फुटतो. धामण वाकेल, पण मोडणार नाही. बरं, ओलं लाकूड बसवावं तर ते सुकून आकसतं आणि पातं खुळखुळतं. तेव्हा आधी ते सावलीत नीट वाळवायचं. मग पात्याची शेपटी लालबुंद तापवून त्याच्या पोटात खुपसायची! थोडक्यात, गोताचा काळ होण्याची नेमणूक ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. तिथेही गुणवत्ताच पाहतात.

ईसापाच्या गोष्टीत झाडंच माणसाला दांडा देतात. तिथे दोष झाडांचा. आमच्या म्हणीत दोष दांड्याचा. दांडा धरणाऱ्या हाताबद्दल दोघेही चकार शब्द काढत नाहीत! त्यापेक्षा कायदा शहाणा. पूर्वी शिकारी सुऱ्यांना सांबरशिंगाची मूठ असे. सांबर आपलं शिंग आपणहून गाळतं, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जाब विचारतात तो बाळगणाऱ्याला, शिंगाला नव्हे. खुनाच्या खटल्यातही कुऱ्हाड चिठ्ठी लावून मुद्देमालात निवांत पडते. पिंजऱ्यात उभा राहतो तो माणूस.

म्हणजे दांडा निर्दोष! हा निकाल ऐकून सर्वांत जास्त आनंद कुणाला होत असेल, तर आम्हा बँकेतल्या कारकुनांना. वसुलीची नोटीस 'वरून' येते, आम्ही फक्त जावक क्रमांक घालतो. आम्ही काय बुवा, दांडे! पण कधीतरी नोटीस हातात धरून एखादा म्हातारा काउंटरशी उभा राहतो.

"सायेब, यात काय लिवलंय?"

इथे दांड्याची आणि आमची फारकत होते. दांड्याला तोंड नाही. आम्हाला आहे, आणि ते केवळ चहासाठी दिलेलं नाही. "बाबा, पीक बुडालं असेल तर हप्ते नव्याने बांधून मागता येतात. बसा, अर्ज मी लिहितो," एवढं त्या तोंडाने बोलता येतं. घाव त्याने थांबेलच असं नाही, पण कुठे पडतोय ते तरी समोरच्याला कळतं. खैराला हे जमलं असतं, तर म्हण वेगळी झाली असती.

दांड्याच्या हाती एकच निषेध असतो. तो सैल होतो. मग मालक त्यात पाचर ठोकतो. पाचरही लाकडाचीच, गोतातलीच. आमच्याकडे तिला इन्क्रिमेंट म्हणतात.