हप्ता, पिशवी आणि बेगमी

गृहकर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो. त्याला दिवाळी कळत नाही, आजारपण कळत नाही आणि आपलं बिल समोरच्या कंपनीत कुणाच्या टेबलावर अडकून पडलंय, हेही कळत नाही. भाषांतर, संपादन, चित्रं, संगणकाचं काम अशी सुटी सुटी कामं घरी बसून करणाऱ्याचं उत्पन्न मात्र कुठल्याच तारखेला बांधलेलं नसतं. मार्चअखेर तीन बिलं एकदम निघतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. अशा घरात कुणी म्हणालं की आता प्लास्टिकमधलं सामान आणायचं नाही, तर उत्तर ठरलेलं असतं: हे पगारदारांचे चोचले, आपल्याला कसे परवडणार?

फ्रीलान्स काम आणि कर्ज या दोन्हींसोबत राहून माझं मत उलट झालं आहे. हातात येणारा पैसा अनियमित असेल, तर प्लास्टिकविना बाजारहाट जमण्याची शक्यता उलट जास्त. मात्र त्यासाठी काटकसर म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागतं आणि ते ठरवायला कर्जापासून सुरुवात करावी लागते. सगळ्यात मोठा आकडा तिथेच आहे.

समजा, ४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३०० रुपये व्याजाचे. मुद्दल फिटतं जेमतेम ६,४००. वीस वर्षांत एकूण भरणा होतो ८३ लाखांच्या वर. या कर्जाचा दर अर्ध्या टक्क्याने उतरला, तर पहिल्याच वर्षी व्याजाचे सुमारे २०,००० रुपये वाचतात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी वर्षभर घासाघीस करून एवढे पैसे कुणाचेच वाचलेले नाहीत.

तरी आपण कोथिंबिरीशी घासाघीस करतो आणि बँकेशी करत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडली गेली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. सात टक्क्यांनी नुकतंच घेतलेलं कर्ज साडेनऊवर गेलं, तर जुना हप्ता नुसत्या व्याजालाही पुरत नाही, हे गणित कागदावर मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. २०२५ मध्ये रेपो दर उतरत ५.२५ टक्क्यांवर आला. आपल्या कर्जापर्यंत ही उतरण पोचली का, हे वर्षातून एकदा खातेउतारा उघडून पाहणं, ही माझ्या यादीतली पहिली काटकसर. तिला कापडी पिशवीही लागत नाही.

मुदतीआधी मुद्दल फेडण्याचा मोहही मोठा असतो, आणि तो रास्तच आहे. वरच्याच उदाहरणात अगदी सुरुवातीला एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर जवळजवळ पंधरा हप्ते कमी होतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना यासाठी दंड आकारता येत नाही. २०१२ पासून तसा नियम आहे. पण पगारदाराला जे शहाणपण, ते फ्रीलान्स काम करणाऱ्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. बँकेला दिलेला जादा पैसा साध्या कर्जात परत मागता येत नाही. मार्चमध्ये लाख भरले आणि जूनचा हप्ता परत गेला, तर दंड बसतो आणि पतगुणांकावरही डाग पडतो. म्हणून निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला पडेपर्यंत जादा परतफेडीचा विचारच करू नये. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. त्यात शिल्लक कर्जखात्यात ठेवली की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि गरज पडली तर ती काढता येते. दर किंचित जास्त असतो, पण ज्याचं उत्पन्न ढिगाने येतं आणि थेंबाने जातं, त्याला ही सोय मानवते.

या ढिगाने येणाऱ्या उत्पन्नापाशीच माझा मुख्य मुद्दा आहे. असं उत्पन्न आपल्याकडे नवं नाही. शेतकऱ्याच्या घरात पैसा सुगीला येतो आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवावा लागतो. त्या अनिश्चिततेतूनच बेगमीची पद्धत रुजली: गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी, मिरची, हळद, चिंच, जे टिकतं ते हंगामात, स्वस्त असताना वर्षभराचं भरून ठेवायचं. घराघरांत नोकरी आली, तशी वर्षाची खरेदी महिन्याच्या यादीवर आली. तीही आता मोबाइलवरून दिवसाच्या गरजेवर उतरली आहे: दहा मिनिटांत घरपोच अर्धा किलो रवा. खरेदीचा तुकडा जेवढा लहान, तेवढं त्याला गुंडाळणारं प्लास्टिक जास्त. क्विंटलभर गव्हाला दोन गोण्या लागतात. तोच गहू पिठाच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्यांतून आला, तर वीस छापील पिशव्या.

तेव्हा फ्रीलान्स काम करणाऱ्याने किराणा मालाच्या बाबतीत पगारदाराची नक्कल का करावी? त्याने आपल्या आजोळच्या घराकडे पाहावं. मोठं बिल निघालं की आधी कराचा वाटा आणि हप्त्यांचा वाटा वेगळा काढावा, मग उरल्यातून धान्य भरावं. कोरड्या महिन्यात मग खर्च राहतो भाजी, दूध आणि विजेचा. उपाशी राहण्याची धास्ती नसली की माणूस पडेल त्या दराने काम पत्करत नाही, हा बेगमीचा फायदा जमाखर्चाच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यात भुसार दुकानात जाऊन लोकवन गहू, शाळू ज्वारी, इंद्रायणी तांदूळ आणि तूरडाळ घ्यावी. घरी आणून गच्चीवर दोन उन्हं द्यावीत. गव्हात सुकलेला कडुनिंबाचा पाला थरांनी घालावा, डाळीला एरंडेलाचा हात चोळावा. उरलेलं जिरं-मोहरी-साखर नाक्यावरच्या वाण्याकडून आपल्याच डब्यात घ्यावं. पहिल्या खेपेला वाणी कुरकुरतो. रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग माल ओतायचा, एवढं त्याच्या हाताखालच्या पोराला समजावलं की काम होतं. पुढच्या वेळी तोच म्हणतो, "ताई, डबा आणलात ना?" कारण त्याचीही पिशवी वाचलेली असते.

सरकारी कराचा कलही इथे सुट्याच्या बाजूचा आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधून लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठाच्या २५ किलोंपर्यंतच्या पाकिटावर पाच टक्के जीएसटी आला. तीच डाळ पोत्यातून मोजून सुटी घेतली, तर कर नाही. इथे काटकसर आणि पर्यावरण दोन्ही एका पारड्यात बसतात.

सगळीकडे तसं होत नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलीलिटरमागे कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते; काटकसर तिथे प्लास्टिकच्या बाजूला उभी असते. सुटं तेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई केली आहे आणि त्यामागे कारण आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झाली आणि माणसं दगावली. तेव्हा तेलाच्या डब्यापायी मनाला लावून घेऊ नये. १५ किलोंचा पत्र्याचा डबा शेजाऱ्यांत वाटून घेता आला तर घ्यावा. दुधाच्या पिशवीचंही तसंच. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाची पिशवी परत केल्यास ५० पैसे देण्याची तरतूद होती. पिशवीबंदीच्या ५,००० रुपये दंडाची चर्चा घरोघर झाली, ५० पैशांचा तो व्यवहार मात्र रुळला नाही.

आणि बेगमीला जागा लागते. चौरस फुटाला ९,००० रुपये मोजून घेतलेल्या फ्लॅटमध्ये चार चौरस फुटांची कोठी ठेवली, तर ती ३६,००० रुपयांच्या जमिनीवर उभी आहे. ज्या घरासाठी कर्ज काढलं, त्या घरात स्वस्त गहू ठेवायला जागा नाही, ही शहरातली खरी अडचण. तिच्यावर एकत्र खरेदी हा जुना तोडगा आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून दरमहा सामानाचं वाटप चालवलं, ते याच तत्त्वावर. सोसायटीतल्या पाच घरांनी मिळून दोन पोती आणली, तर प्रत्येकाच्या वाट्याला पलंगाखाली मावेल एवढंच धान्य येतं.

जागेपेक्षाही मोठा प्रश्न आहे कष्टांचा. निवडणं, पाखडणं, उन्हात घालणं, दळण नेणं, डबे घासून वाळवणं ही कामं जुन्या घरात बायका करत आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज नवरा समाजमाध्यमांवर कापडी पिशवीचा फोटो टाकतो आणि गहू निवडायला बायको बसते, असं होणार असेल, तर ती काटकसर दुसऱ्याच्या वेळेवर केलेली उधळपट्टी आहे. फ्रीलान्स काम करणाऱ्याकडे पैसा कमी असेल, पण कोरड्या महिन्यांत दुपार असते. ती दुपार त्याने स्वतः सुपात घालावी. काम घरातल्या कमावत्या-न कमावत्या सगळ्यांत वाटलं जात असेल, तरच हा मार्ग न्याय्य आहे. नसेल, तर सरळ पिठाची पिशवी आणावी.

दुसरीकडे, प्लास्टिकमुक्तीच्या नावाने नवंच दुकान उघडलं आहे. बांबूचा ब्रश, स्टीलची नळी, सेंद्रिय कापसाची जाळीची पिशवी, काचेच्या एकसारख्या बरण्या. घरात बोर्नव्हिटाचे रिकामे डबे असताना हे विकत घेणं म्हणजे हप्ता थकवून दागिना घडवणं. जुन्या चादरीची पिशवी शिवता येते, लोणच्याच्या बरणीत मोहरी राहते. घरात आधीच आलेलं प्लास्टिक फेकून त्याजागी नवी वस्तू आणण्यात पर्यावरणाचं काहीच भलं नाही.

घराबाहेरही थोडं पाहावं लागतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आणि स्वच्छ ही तिच्यातून उभी राहिलेली सहकारी संस्था २००८ पासून कचरावेचकांसोबत काम करते आहे. दारावर कचरा घेणाऱ्या बाईला विचारलं, तर ती एका वाक्यात सांगते की पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव येतो, चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनाला कुणी विचारत नाही. कुठलं प्लास्टिक आधी सोडायचं, याचं याहून चोख मार्गदर्शन मला कुठे मिळालेलं नाही. सुरुवात त्या वेष्टनांपासून करावी. ती खाऊचीच असतात, त्यामुळे ती टाळली की पैसेही वाचतात.

खर्चाच्या बाजूने इतकं सगळं करताना जमेची बाजू विसरून चालत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला, तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे आणि उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. सेवा देणारा एकटा माणूसही उद्यम नोंदणी करू शकतो, ती फुकट आहे. तरी बिलाच्या तळाशी हा नोंदणी क्रमांक छापणारे फ्रीलान्सर थोडे. पैसे मागताना आपण संकोचतो आणि मग ती तूट भाजीवालीकडून वसूल करायला जातो. हे बरोबर नाही. भाजीवालीचं उत्पन्न आपल्याहून अनिश्चित आहे आणि तिच्याकडची पालेभाजी प्लास्टिकशिवाय मिळते.

म्हणून माझा क्रम असा: आधी बिलाची वसुली, मग कराचा वाटा, मग सहा हप्त्यांची बेगमी, मग वर्षाचं धान्य, आणि यातून उरेल ते कर्जाच्या मुद्दलात. प्लास्टिक या क्रमात वेगळी पायरी मागत नाही; धान्याच्या पायरीवर ते आपोआप कमी होतं आणि जिथे होत नाही, तिथे कर्जबाजारी माणसाने त्याचं ओझं एकट्याने वाहू नये, ते वेष्टन बनवणाऱ्या कंपन्यांनी आणि सरकारने वाहावं. पुढचं मोठं बिल निघेल, तेव्हा नव्या बरण्या मागवू नका. कर्जाचा उतारा काढून वाचा आणि मग पोतं आणायला जा.