श्रद्धा त्याची, काळजी घरच्यांची

गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर असो की मुंबईतले एखादे उपनगर, घरातले माणूस एखाद्या बाबाच्या नादी लागले की घरचे सारखेच बोलू लागतात. ‘त्याची मतीच फिरली’, ‘तो आता आपला राहिला नाही.’ पैसा जातो, नोकरी सुटते, सणावाराला येणे थांबते. त्याला उचलून आणावे, चार दिवस कोंडावे, पण शुद्धीवर आणावे असे घरच्यांना वाटते. ही तळमळ खरी असते. पण सज्ञान माणसाची श्रद्धा त्याला सोडायला लावायचा अधिकार कोणाला?

राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. केरळच्या हादियाने धर्म बदलून लग्न केले, तेव्हा मुलीची दिशाभूल झाली असे वडिलांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या निवडीचा अधिकार मान्य केला. आईवडिलांची काळजी कितीही खोल असली, तरी त्या काळजीने मुलांच्या मनाची मालकी मिळत नाही.

अमेरिकेने बळजबरीचा मार्ग करून पाहिला. १९७०च्या दशकात पंथात गेलेल्या तरुणांना पळवून, कोंडून, अखंड वाद घालून ‘सोडवणारे’ लोक तिथे होते. १९९१ मध्ये अठरा वर्षांच्या एका तरुणाला असेच डांबले गेले. त्याने दावा लावला आणि १९९५ मध्ये ज्यूरीने त्याला लाखो डॉलरची भरपाई दिली. स्टीव्हन हॅसन यांची कहाणी याच काळातली. एकोणिसाव्या वर्षी ते धर्मगुरू मून यांच्या युनिफिकेशन चर्च या पंथात गेले. १९७६ मध्ये मोटार अपघातात जखमी झाले, तेव्हा घरच्यांनी माजी सदस्यांना बोलावून त्यांना बाहेर काढले. पुढे समुपदेशक झाल्यावर मात्र त्यांनी बळजबरी नाकारली आणि माणसाच्या संमतीने चालणाऱ्या संवादावर भर दिला.

या संवादात बाबा खोटा आहे हे सिद्ध करण्याची घाई नसते. तिथे काय मिळाले, कोणता एकटेपणा भरून निघाला, कोणत्या आजारात किंवा कर्जात आधार वाटला, हे आधी ऐकले जाते. मग प्रश्न येतात. शंका विचारता येते का? घरी जाता येते का? हिशेब दाखवतात का? सोडून गेलेल्यांबद्दल तिथे काय बोलतात? उत्तरे त्याचीच असतात. घरच्यांनाही शिकावे लागते. टोमणे मारायचे नाहीत, फोन तोडायचा नाही, पंथासाठी पैसे द्यायचे नाहीत, पण जेवायला नक्की बोलवायचे.

प्रत्येक पंथाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे ठरेल. नागपूरच्या बाबा जुमदेवांच्या मार्गाने भंडारा-गोंदियातल्या कितीतरी घरांतून दारू गेली. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही हा विवेक राखला आहे. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भजन, कीर्तन, प्रदक्षिणा, यात्रा यांना त्याने हात लावलेला नाही. अलौकिक शक्तीच्या नावाने होणारी लूट, शोषण आणि औषधोपचारापासून अडवणे हे मात्र गुन्हे ठरवले.

हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो. २० जून २०२२ रोजी सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये दोन भावांच्या कुटुंबांतले नऊ जण मृत सापडले. सुरुवातीला कर्जापायी आत्महत्या वाटली. पुढे पोलिसांनी तपासातून सांगितले, की गुप्तधनाच्या आमिषाने पैसे घेणाऱ्या मांत्रिकाने विष दिले होते. गुप्तधनाच्या व्यवहारात गुपित पाळणे ही पहिली अट असते. त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी यांच्याशी बोलण्याची वाट आधीच बंद होते.

बाहेर पडलेल्या माणसाचे दुखणे वेगळे. गेलेली वर्षे, विकलेली शेती, आपणच ओढून नेलेले नातलग, यांची लाज त्याला झोपू देत नाही. अशा वेळी ‘आम्ही सांगत होतो’ हे वाक्य घरच्यांनी गिळून टाकावे आणि त्याला उपचारापर्यंत सोबत करावी. फुलचूरकरांना गोंदियातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. तो माणूस अजून बोलायला तयार नसेल, तर आधी घरच्यांनीच हा फोन लावावा.