हक्कसोड

मेलेल्या माणसाचं घर घ्यायचं म्हटलं की गावात पहिला प्रश्न किमतीचा नसतो. 'सह्या सगळ्यांच्या हायत का?' असं विचारतात. एखादी सही राहिली तर दहा वर्षांनी कुणीतरी दारात येऊन उभं राहील, ही त्यामागची भीती. सह्या झाल्या की भीती संपते. माणसं मग पुढचं काही विचारत नाहीत.

आमच्या खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ. गलाईच्या धंद्यासाठी माणसं देशभर पांगली. सोनं-चांदी गाळता गाळता पोरं तिकडंच वाढली, तिकडच्या शाळेत गेली. गावात राहिली म्हातारी आणि माळवदाचं घर. म्हातारी गेली की तेराव्यानंतर दाराला कुलूप. दोन-तीन पावसाळ्यांत माळवदावरची माती वाहून जाते, तुळईला पाणी लागतं, आणि मग फोन येतो, 'गिऱ्हाईक आसंल तर बघा.'

मुंबईकडं २०२५ पर्यंत माणूस मृत्युपत्र करून जायचा आणि त्याचं प्रोबेट हायकोर्टातून मिळवता मिळवता मागच्यांची वर्षं जायची, असं तिकडचे पाहुणे सांगतात. आमच्याकडं मृत्युपत्र करणारा विरळा. जित्या माणसानं मरणाची भाषा काढणं अभद्र. त्यामुळं कागद थोडे: मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नावं, आणि बहिणींचं हक्कसोडपत्र. रान असेल तर तलाठ्याकडं वारसनोंद, फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस. ती नोटीस चावडीवर लागते आणि बहीण असते सासरी, चार गावं पलीकडं.

हक्कसोड हा शब्द आमच्याकडं लग्नपत्रिकेइतका सवयीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आईबापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण त्याच कायद्यात एक कलम होतं. राहत्या घराची वाटणी भाऊ आपण होऊन करत नाहीत तोवर मुलीनं ती मागायची नाही. लग्न झालेल्या, नांदत्या मुलीला त्या घरात राहायचाही हक्क नव्हता. २००५ च्या दुरुस्तीनं ते कलम गेलं. कायद्यातून गेलं, घरातून कुठलं जातंय!

बहीण सही का करते? अडाणी म्हणून, असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नसतं. ती पुरता हिशेब करून सही करते. वाटा मागितला तर माहेर तुटणार. बाळंतपण, भाऊबीज, नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस जाऊन राहायची जागा, हे सगळं त्या एका दारावर अवलंबून. ते उघडं राहावं म्हणून ती वाटा सोडते. कागदात लिहितात 'बिनमोबदला'. मोबदला असतो, तो लिहायला रकाना नसतो, एवढंच.

हे सगळं आमच्या दारापर्यंत आलं ते शेजारच्या घरामुळं. भिंतीला भिंत लागून. दोघे भाऊ, एक बहीण. आई वारली त्याच वर्षी बहिणीनं तालुक्याला जाऊन २०० रुपयांच्या मुद्रांकावर हक्क सोडला होता. आठ वर्षांनी भावांनी घर विकायला काढलं. आम्हाला जागेची गरज होती, थोरल्या भावाचं लग्न ठरत होतं. वकिलानं कागद बघितले आणि म्हणाला, एकदम स्वच्छ.

वडिलांनी तेवढ्यावर व्यवहार केला नाही. गावी आलेल्या थोरल्याला त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीला इचारलंस का?"

"तिची सही हाय की, तात्या."

"सही कवाची? घर ऱ्हाणार हुतं तवाची."

खरेदीखतात बहिणीचं नाव 'संमती देणार' म्हणून घालायचं आणि तिनं स्वतः यायचं, एवढीच त्यांची अट. वकील म्हणाला, कायद्यानं गरज नाही. आईचं म्हणणं वेगळं होतं, "त्यांच्या बहीणभावात आपण कशाला? घेणाऱ्यानं पैसं द्यावं नि गप घर घ्यावं." आईचं बोलणं सहज झटकण्यासारखं नव्हतं. पैसे दिले म्हणून दुसऱ्याच्या घरात न्याय करायचा अधिकार मिळतो काय? शिवाय बहिणीचं भलं कशात आहे हे ती ठरवणार, शेजारी नव्हे.

पण तिला ते ठरवायला मिळालं तर पाहिजे. दार उघडं राहावं म्हणून तिनं वाटा सोडला, आणि आता ते दारच विकायला निघालं होतं. व्यवहाराचा पायाच निघाला, तरी कागद बोलतो तो आठ वर्षांपूर्वीचं. त्या कागदाच्या आडोशानं घेणाऱ्यानं म्हणायचं, मला काय ठाऊक? ठाऊक असतं. तालुक्यातल्या परक्या गिऱ्हाइकाला नसेल, भिंतीपलीकडच्याला असतं.

बहीण आली. चहा घेतला, खरेदीची किंमत विचारली आणि म्हणाली, "घर ऱ्हाईल म्हणून सही केली हुती. आता पैसंच हुणार आसतील तर माझा तिसरा हिस्सा द्या."

भाऊ आमच्यावर उखडले. तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलं, म्हणाले. सहा महिने सगळं अडलं. थोरल्या भावाचं लग्न जुन्याच घरात, मांडव रस्त्यावर आणून झालं. शेवटी भावांनी तिला काही रक्कम दिली, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा बरीच कमी, आणि तिनं संमतीची सही केली. त्या वर्षी भाऊबीजेला दोघांपैकी एकही तिच्याकडं गेला नाही.

म्हणजे वडिलांनी तिला तिचे पैसे मिळवून दिले की तिचे भाऊ घालवले? घर विकल्यावर भाऊ गावाकडं कितीसे येणार होते, असं मी म्हणतो. आई म्हणते, फोन तर आला असता. आमच्यात हे अजून मिटलेलं नाही.

धाकट्या भावाची एक गोष्ट मात्र खरी होती. आईच्या शेवटच्या तीन वर्षांचं दवाखान्याचं सगळं त्यानं केलं होतं, तिकडून पैसे पाठवून. बहिणीला सासरहून दमडी आणता आली नव्हती. हे त्यानं वडिलांना ऐकवलं तेव्हा वडील म्हणाले, "मग त्यो खर्च मांड कागदावर. आधी त्यो वजा करू, ऱ्हाईल त्याचं तीन वाटं करू."

त्यानं तो कधी मांडला नाही.